तिच्या हातात पुस्तक आलं कुठून?

जुन्या गोव्यात चोरून हिब्रू शिकणारी ज्यू बाई ही नायिका कागदावर फार लवकर उभी राहते. रात्र, मिणमिणता दिवा, मांडीवर जाड ग्रंथ आणि दारावर थाप. पहिलं प्रकरण एका बैठकीत होतं. दुसऱ्या प्रकरणाला गाडी अडते, कारण तो ग्रंथ तिथे आला कसा हे लेखकाने ठरवलेलंच नसतं. माझ्या मते या विषयावरच्या कादंबरीचं कथानक तिथेच आहे. बाई हुशार होती, बंडखोर होती, यातून फार काही हाती लागत नाही. अक्षर तिच्यापर्यंत कुठल्या वाटेने आलं हे शोधायला बसलात की माणसं, जहाजं, भांडणं सगळं आपसूक येतं.

आधी वर्ष पक्कं करा. "सोळावं शतक" एवढ्याने भागत नाही. पोर्तुगालच्या राजाने १४९६ च्या डिसेंबरात ज्यूंना देश सोडायचा हुकूम काढला आणि १४९७ मध्ये सोडू न देताच त्यांचा घाऊक बाप्तिस्मा केला. पोर्तुगालात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं १५३६ मध्ये, गोव्यात १५६० मध्ये. आता वयाचा हिशोब मांडा. १५६५ मध्ये पंचविशीत असलेली बाई १५४० ची. तिची आई जन्मापासून ख्रिस्ती. सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, डोळ्यांनी पाहिलेली एकच व्यक्ती तिच्या ओळखीची असू शकते, ती म्हणजे आजी, आणि ती बहुधा लिस्बनलाच वारलेली. म्हणजे घरातून तिला मिळालं ते आजीचं आईने अर्धवट लक्षात ठेवलेलं. दोन-चार शब्द, एखाद्या आशीर्वादाची चाल, उपासाचा महिना. अशा मुलीच्या तोंडी तालमूदमधले, म्हणजे रब्बींच्या धर्मचर्चांच्या ग्रंथातले, उतारे घालणं म्हणजे तिच्यावर अन्यायच. तिचं ज्ञान चिंध्यांचं आहे. त्या चिंध्या ती कशा जोडते, आणि जोडताना कुठे चुकते, हे लिहायला हवं.

नावाचंही तसंच. सारा, रिबेका, मिरियम ही नावं या बायकांची नव्हती. कातारीना, इझाबेल, लिओनोर, ब्रियांदा, गिओमार अशी असत. सरकारदरबारी त्या "नवख्रिस्ती", आपापसांत "नेशनची माणसं". "आमचा यहुदी धर्म" असं त्या बोलत नसत. त्यांचा शब्द होता "मोशेचा कायदा". संवादात एवढं जरी पाळलं तरी अर्धी कृत्रिमता जाते. आणखी एक, कारण ही चूक फार होते: बाप्तिस्मा न झालेल्या ज्यूला मोशेचा कायदा पाळतो म्हणून इन्क्विझिशन पकडत नसे. गुन्हा ज्यू असण्याचा नव्हता, ख्रिस्ती होऊन मागे फिरण्याचा होता. आशियातून व्यापाराला आलेला उघड ज्यू आणि तुमची नायिका मांडवीकाठी एकमेकांसमोर आली, तर धोका तिला जास्त आहे.

मग बंदी नेमकी कसली? मराठी लेखक इथे हमखास घसरतो. आपल्या डोक्यात वेदाधिकाराचं चित्र पक्कं बसलेलं असतं. वेद कृपण आहे, तो तीनच वर्णांच्या कानाशी लागला, ही ज्ञानेश्वरांची तक्रार आपण शाळेपासून ऐकत आलो. तेच चित्र उचलून ज्यू घरात ठेवलं जातं, आणि तिथे ते बसत नाही. तोरा, म्हणजे मोशेचं नियमशास्त्र, ऐकायला ज्यू बाईला बंदी नव्हती. पुरुष, बायका, मुलं सगळ्यांना गोळा करून नियमशास्त्र वाचून दाखवा, असं बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या ३१ व्या अध्यायातच सांगितलंय. वाद होता तो शिकवण्याचा. मिश्ना या रब्बींच्या नियमसंग्रहाच्या सोटा प्रकरणात बेन अझ्झाई म्हणतो, बापाने मुलीला तोरा शिकवलीच पाहिजे. लगेच पुढे रब्बी एलिएझर म्हणतो, मुलीला तोरा शिकवणारा तिला "तिफ्लुत" शिकवतो. या शब्दाचा अर्थ कुणी छचोरपणा लावतो, कुणी वायफळपणा. बाराव्या शतकात मायमोनिदीस या ज्यू पंडिताने यातून नियम बांधला: बाई शिकली तर तिला पुण्य आहे, पण पुरुषाइतकं नाही. बापाने तिला तोंडी परंपरा, म्हणजे तालमूदची बाजू, शिकवू नये. लिखित तोराही मुळात शिकवू नये, पण शिकवली तर तो तितका दोष नाही.

या नियमातली फट कादंबरीकाराने नीट पाहावी. बंदी बापाच्या शिकवण्यावर आहे, बाईच्या शिकण्यावर नाही. म्हणून ज्या बायका शिकल्या त्या बहुतेक घरातच, आणि बहुधा मुलगा नसलेल्या विद्वानाच्या घरात. कुर्दिस्तानातली ओस्नात बार्झानी (१५९० ते १६७०) याचं ठळक उदाहरण. बाप रब्बी, मुलगे नाहीत, मुलीला सगळं शिकवलं, आणि लग्न ठरवताना जावयाला घातलेली अट अशी की हिला घरकामाला जुंपायचं नाही. नवरा गेल्यावर मोसुलची येशिवा, म्हणजे ज्यू पाठशाळा, तिनेच चालवली. तालमूदमधली ब्रुरिया तर एका दिवसात तीनशे गुरूंकडून तीनशे वचनं शिकली म्हणतात. पण मोसुलला उघड येशिवा होती. गोव्यात काहीच नव्हतं. तेव्हा मुलाचा वेश घेऊन पाठशाळेत शिरणारी नायिका इथे बाद. कॉन्व्हेंटच्या भिंतीआड लपून वाचणारीसुद्धा १६०६ पूर्वी बाद, कारण सांता मोनिका हा इथला पहिला नन्सचा मठ त्या वर्षीचा.

गोव्यात तिच्यावर तीन पहारे आहेत, आणि तिघांची भाषा वेगळी. चर्चचा पहारा ग्रंथांवर: पोर्तुगालात बंदी घातलेल्या पुस्तकांच्या याद्या १५४७ पासून निघत गेल्या, आणि बायबल लोकभाषेत वाचणंही निषिद्ध ठरलं. रब्बींचा पहारा तिच्या बाईपणावर, पण तो दूरचा, कारण इथे रब्बीच नाही. तिसरा पहारा शिक्षणाचा. मुलींना वाचायला शिकवत आणि लिहायला शिकवत नसत, असं त्या काळी सर्रास होतं. दोन्ही कामं वेगवेगळी शिकवली जात. छापील अक्षर घडाघडा वाचणारी बाई हाताने लिहिलेल्या पत्रापुढे अडायची आणि सही म्हणून फुली काढायची. आपल्याकडे बाळबोध वाचणाऱ्याला मोडीचं दफ्तर दिल्यावर होतं तेच.

आता वाटा. पहिली वाट इन्क्विझिशननेच मोकळी केली, यात मला भलतीच गंमत वाटते. पोर्तुगालात १५३६ मध्ये निघालेल्या जाहीरनाम्यात ज्यू चालीरीतींची तपशीलवार यादी होती, लोकांनी शेजाऱ्यांवर नजर ठेवावी म्हणून. अशा याद्या चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवत. शुक्रवारी संध्याकाळी नव्या वाती घालून दिवे लावणं आणि ते आपोआप विझू देणं. शनिवारी धुतलेले कपडे घालणं. कोंबडीची मान कापल्यावर रक्तावर माती टाकणं. डुक्कर, ससा, बिनखवल्याचे मासे न खाणं. घरात कुणी मेलं की रांजणातलं पाणी ओतून देणं. आईने अर्धंच सांगितलेली मुलगी ही यादी बाकावर बसून ऐकते, आणि उरलेलं अर्धं तिला तिथे फुकट मिळतं.

दुसरी वाट छापखान्याची. गोव्यात छपाई १५५६ मध्ये सुरू झाली. आर्चबिशप गास्पार द लियांव याने १५६५ मध्ये इथे एक ग्रंथ छापून घेतला: ज्यू धर्म सोडलेल्या एका स्पॅनिश पंडिताचं ज्यूंविरुद्धचं जुनं खंडन, आणि सोबत आर्चबिशपचं इस्रायलच्या लोकांना उद्देशून पत्र. खंडन करायचं तर आधी प्रतिपक्ष मांडावा लागतो. तालमूद काय म्हणतो, मसीहाबद्दल रब्बी काय सांगतात, हे त्यात येणारच. पुस्तक अधिकृत, घरात सापडलं तर उलट शाबासकी. नायिकेने ते वाचावं आणि फक्त उत्तरं गाळावीत. यापेक्षा चांगलं पाठ्यपुस्तक तिला सोळाव्या शतकातल्या गोव्यात मिळणार नाही.

तिसरी वाट स्तोत्रसंहिता. लॅटिन प्रार्थनापुस्तकं बायकांकडे असतच. नवख्रिस्ती घरांत तीच स्तोत्रं म्हणत, मात्र शेवटचं "ग्लोरिया पात्री" गाळून, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचा जयजयकार न करता. खटल्यांत ही पुराव्याची नेहमीची बाब. इथे लेखकाने आकड्यांत सावध राहावं. लॅटिन बायबलमध्ये बहुतेक स्तोत्रांचा क्रमांक हिब्रूपेक्षा एकने कमी. "खोल गर्तेतून" हे स्तोत्र हिब्रूत १३०, तिच्या पुस्तकात १२९. तिने १३० म्हटलं तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल. किंवा ती चूक मुद्दाम ठेवा: ती एकदा १३० म्हणते, आणि ऐकणाऱ्या पाद्र्याला कळतं की हिने हिब्रू जाणणाऱ्या कुणाशी बोलणं केलंय.

हिब्रू जाणणारा राहायचा कोचीनला. चौथी वाट ती. पोर्तुगीज किल्ल्याला लागूनच राजाचं कोचीन, तिथे उघड ज्यू वस्ती, आणि १५६८ मध्ये राजवाड्याच्या शेजारी बांधलेलं परदेशी सिनेगॉग. कोचीनच्या ज्यू बायका मल्याळममध्ये धर्मगीतं गात आणि ती वह्यांत उतरवून ठेवत. हाती आलेल्या वह्या पुष्कळ नंतरच्या, गाणी त्याहून जुनी. किनाऱ्याने काही दिवसांच्या अंतरावर बायका मोठ्याने गातायत आणि इथे ओठ हलवायची चोरी, हा विरोध मला कुठल्याही अटकेच्या प्रसंगापेक्षा धारदार वाटतो. ही वाट धोक्याचीही होती. १५५७ मध्ये, गोव्यात इन्क्विझिशन यायच्याही आधी, कोचीनचे काही नवख्रिस्ती पकडून लिस्बनला धाडले होते.

युरोपातून पुस्तक येऊ शकतं का? येऊ शकतं. फेरारामध्ये १५५३ साली ज्यूंनी स्पॅनिश बायबल छापलं. त्याच्या काही प्रती दोना ग्रासिया नासी या बाईला अर्पण केलेल्या आहेत, आणि ती स्वतः लिस्बनहून निसटलेली नवख्रिस्ती. पण जहाजाचं वेळापत्रक मोडू नका. लिस्बनहून मार्चच्या सुमारास निघालेलं जहाज सप्टेंबरात गोव्याला लागायचं, परतीचं डिसेंबर-जानेवारीत सुटायचं. पत्राला उत्तर यायला दीड-दोन वर्षं. जून ते ऑगस्ट मांडवीचं तोंड बंद. पावसाळ्यात तिच्या हातात नवं पुस्तक पडलं असेल, तर ते गेल्या सप्टेंबरापासून शहरात कुणाकडे तरी पडून होतं. मग कुणाकडे, हा प्रश्न आला.

हिब्रू अक्षर मात्र पाद्र्यांना निषिद्ध नव्हतं, हेही विसरू नका. गोव्याहून निघालेल्या जेझुइटांनी १५८० मध्ये अकबराला अँटवर्पला छापलेलं बहुभाषी बायबल भेट दिलं. त्यात हिब्रू आहे. एकाच शहरात ते अक्षर पेटाऱ्यातून बादशहाकडे रवाना होतं आणि त्याच अक्षरासाठी बाईची चौकशी होते.

साधनांकडे वळू, कारण इथे कादंबऱ्या सर्वांत पातळ असतात. तिने काही उतरवून ठेवलं तर कशाने? युरोपीय शाई माजूफळाची: वजनाने तीन भाग माजूफळ, दोन भाग हिराकस, एक भाग डिंक, हे नेहमीचं प्रमाण. माजूफळ जाडसर कुटून काही दिवस पाण्यात भिजवायचं, गाळायचं, मग हिराकस आणि डिंक घालायचा. लिहिताना ती फिकी दिसते, हवा लागली की काळी पडते आणि कागदात मुरते. मग पाण्याने निघत नाही. हिराकस जास्त झालं तर शाई पुढे तपकिरी होते आणि कागद खाते, गोव्याच्या दमट हवेत आणखी लवकर. जिथे अक्षर तिथे भोक. शिकस्तीने जपलेला कागद उघडावा आणि मजकुराची जाळी हातात यावी, हे शास्त्रशुद्ध आहे. दुसरी आपली देशी, काजळाची. दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यात तासन्‌तास घोटायची, कमी घोटली तर कण खाली बसतात. ही कागदाच्या वर राहते, ओल्या फडक्याने बरीचशी पुसता येते. लपवायचं असलेली बाई कुठली शाई निवडेल हे उघड आहे. त्या निवडीची किंमत अशी की एका पावसाळ्याची ओल पुरते आणि तिने दोन वर्षांत जमवलेली बावीस अक्षरं वाहून जातात. लेखणीही सांगून जाते: टोकदार पिसाने हिब्रूची आडवी जाड रेघ नीट उतरत नाही, रुंद कापलेल्या बोरूने उतरते. पोर्तुगीज घरात बोरू कशाला, असं मोलकरीण विचारू शकते.

मोलकरीण हा खरा पेच. गोव्यातल्या श्रीमंत पोर्तुगीज घरात बाई एकटी नसतेच. गुलाम, दाया, स्वयंपाकिणी, आणि त्यांतल्या बाप्तिस्मा झालेल्यांची साक्ष चालते. खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं, आतलं दिसत नाही पण दिवा जळतोय हे गल्लीतून कळतं. आणि स्वयंपाकघर तर उघडं पुस्तकच. युरोपात बिनखवल्याचा मासा टाळणं सोपं, इथे रोजची परीक्षा. सुंगटं (कोळंबी) नाहीत, कुर्ल्या नाहीत, तिसऱ्यो नाहीत, माणकं नाहीत, मोरी नाही, सांगट नाही. बांगडा, तारली, शेवटो, तांबसो चालेल. महिनाभर मासळी आणणारीला नमुना कळायला वेळ लागत नाही. शुक्रवारी रात्री निखाऱ्यावर ठेवून शनिवारी उघडायचं चण्या-मांसाचं मडकं, ज्याला अदाफिना म्हणत, त्याचा वास तर लपणारच नाही. शहाणी बाई सुंगटं विकत आणेल, शिजवून घेईल, ताटात घेईल आणि "पोट ठीक नाही" म्हणून नोकरांना वाटून टाकेल. असं किती वेळा चालेल, तेवढ्यावर एक प्रकरण निघतं.

उपासाचा दिवस कसा काढायचा? छापील ज्यू पंचांग नाही. नवख्रिस्ती सप्टेंबरातली अमावास्या धरून पुढे दहा दिवस मोजत. इथे कोकणातल्या लेखकाच्या हाती आयतं साधन आहे. ज्यू महिनेही चंद्राचे आणि अधिक महिना घालून सूर्याशी जुळवलेले. त्यामुळे पुष्कळ वर्षी त्यांचं नववर्ष घटस्थापनेच्या आसपास, मोठा उपास दसऱ्याच्या आणि पुरीम हा सण होळीच्या पौर्णिमेला येतो. अधिक महिन्याचे नियम वेगळे, म्हणून काही वर्षी एका महिन्याची फारकत पडते. पलीकडच्या फोंड्याहून येणारा होडेकरी दसरा कधी ते सहज सांगेल. पण ती त्याच्यावर विसंबली आणि ते फारकतीचं वर्ष निघालं तर तिचा उपास महिनाभर चुकतो. तारखा देताना १५८२ पूर्वीचं सगळं जुन्या पंचांगाचं, आजच्यापेक्षा दहा दिवस मागे, हे ध्यानात ठेवून चंद्र रंगवा.

खटला लिहिताना आरडाओरड कमी करा. पद्धत थंड होती. आरोप सांगत नसत, साक्षीदाराचं नावही नाही. आधी वंशावळ विचारायची, मग पातेर नोस्तेर, आवे मारिया या लॅटिन प्रार्थना म्हणून घ्यायच्या, मग कबूल हो म्हणून तीनदा समज द्यायची. बचावाची एक चमत्कारिक सोय होती: आपल्याविरुद्ध कोण बोललं असेल याचा अंदाज बांधून आपल्या वैऱ्यांची यादी आरोपीने स्वतः द्यायची, वैराच्या कारणांसह. नाव जुळलं तर ती साक्ष लंगडी पडते. म्हणजे कोठडीत बसून तिने आयुष्यातलं एकूण एक भांडण आठवायचं. कोणाचा पगार कापला, कुणाला थप्पड मारली, कुठल्या जावेशी बोलणं तुटलं. आणि जिच्यावर शंका घ्यावीशी वाटत नाही तिचं नाव लिहायचं की नाही. अख्खी कादंबरी या यादीच्या रूपात सांगता येईल.

खऱ्या माणसांपैकी कातारीना द ओर्ताला टाळून चालत नाही. तिचा भाऊ गार्सिया द ओर्ता, ज्याच्या नावाची बाग पणजीत चर्चसमोर आहे, १५३४ मध्ये गोव्यात आला. औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये इथेच छापला. १५६८ मध्ये तो सन्मानाने वारला. वर्षभराने, १५६९ च्या ऑक्टोबरात, कातारीनाला गोव्यात जाळलं. १५८० मध्ये भावाची हाडं उकरून तीही जाळली. ती काय वाचत होती याचा पुरावा नाही, म्हणून तिलाच विदुषी करू नये. तिच्या शेजारच्या गल्लीत आपली काल्पनिक बाई ठेवावी आणि त्या ऑक्टोबरातल्या दिवशी तिला खिडकीशी उभी करावी.

कागदपत्रं पाहायला निघालात तर गोव्यात फारसं हाती लागणार नाही. इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचं बंद झालं आणि खटल्यांचं दफ्तर नष्ट झालं. पत्रव्यवहाराचा भाग रिओ द जानेरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. आणि लिस्बनला एक सूची आहे, जुवांव देलगादो फिगेरा या इन्क्विझिशनच्याच अधिकाऱ्याने १६२३ मध्ये केलेली. मथळ्यातच ३,८०० खटल्यांचा आकडा. प्रत्येकाला जेमतेम काही ओळी: नाव, मूळ गाव, गुन्हा, शिक्षा. नावं वर्णानुक्रमाने, आडनावाने नव्हे तर पहिल्या नावाने. तेव्हा नायिकेचं नाव ठरवताना ती कुठल्या पानावर पडेल तेही पाहून घ्या, कातारीनांची गर्दी मोठी आहे.